गोधडी आणि तिच्यासोबतचा ससा

एका टेबलावर दोन पेट्या, त्यांवर दिवे आणि बटणं. एका पेटीत खेळणं ठेवायचं, बटण दाबायचं आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पेटीतून त्याची हुबेहूब जोड बाहेर काढायची. ब्रिस्टल विद्यापीठातले ब्रूस हूड आणि येल विद्यापीठातले पॉल ब्लूम या दोन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हे नकला काढणारं यंत्र दाखवलं. मागे हातचलाखी होती, पण मुलांचा यंत्रावर विश्वास बसला. साध्या खेळण्याच्या बाबतीत अस्सल की नक्कल याची त्यांना फिकीर नव्हती. पुष्कळांनी तर हौसेने नक्कलच मागितली. मग ज्या मुलांना रोज रात्री जवळ घेऊन झोपायला एक ठरावीक अस्वल, ससा किंवा पांघरूण लागतं, त्यांना तीच वस्तू यंत्रात ठेवायला सांगितलं. काहींनी ठेवायलाच नकार दिला. ज्यांनी ठेवली, त्यांतल्या बहुतेकांनी आपली जुनीच वस्तू परत मागितली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

मळक्या, कान लोंबणाऱ्या सशाची जागा कोरा करकरीत ससा घेऊ शकत नाही, हे घरातल्या माणसांना प्रयोग न करताही ठाऊक असतं. प्रश्न त्या मुलांचा आहे, ज्यांच्याकडे परत मागण्यासारखं काही उरलेलंच नाही. आग, पूर, युद्ध, घरातली मारहाण, आईवडिलांचं आजारपण किंवा मृत्यू, स्वतःचं लांबलेलं दुखणं, अशा कुठल्यातरी कारणाने ही मुलं एका रात्रीत अनोळखी खोलीत येऊन पडतात. तिथे त्यांना जेवण मिळतं, औषध मिळतं, अंथरूण मिळतं. पण खाट इस्पितळाची, चादर संस्थेची, ताटली स्वयंपाकघरातली. उद्या मूल तिथून हललं की हे सगळं दुसऱ्या मुलाच्या वाट्याला जाणार. जिच्यावर फक्त आपला हक्क आहे आणि जी आपल्याबरोबर येणार आहे, अशी एकही वस्तू त्याच्याकडे नसते.

छोटी गोधडी आणि तिच्याच कापडातलं एखादं मऊ खेळणं, ही जोडी शिवून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याची पद्धत या उणिवेतून वाढली. गेल्या तीनचार दशकांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे तिचं मोठं काम झालं आहे. पुढच्या पानांवर या जोडीची मापं, कापडाची निवड आणि कृती दिली आहे. त्याआधी हे काम कुठून आलं, ते कुणासाठी आहे आणि ते इतक्या काळजीने का करायचं, हे समजून घेतलेलं बरं.

मुळाशी जायचं तर अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जावं लागतं. थॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थाने बरीच वर्षं खटपट करून १७३९ मध्ये राजाकडून सनद मिळवली आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ सुरू केलं. १७४१ पासून तिथे तान्ही मुलं घेतली जाऊ लागली. आईने मूल आणून दिलं की नोंदवहीत त्याचं वर्णन लिहीत, आणि पुढेमागे ओळख पटावी म्हणून कापडाचा एक तुकडा त्या कागदाला टाचत. कधी तो बाळाच्या अंगातल्या झबल्याचा असे, कधी आईने स्वतःहून आणलेला. फुलाफुलांचं छापील सुती कापड, फितीचे तुकडे, भरतकाम केलेली बाही, असे पाच हजारांहून अधिक तुकडे त्या वह्यांत आजही आहेत. ब्रिटनमधल्या सामान्य माणसांच्या अठराव्या शतकातल्या कापडाचा एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही. इतिहासकार जॉन स्टाइल्स यांनी २०१० मध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा लोक त्या चिंध्यांपुढे बराच वेळ थांबून राहत.

१७४१ ते १७६० या काळात तिथे सोळा हजारांवर मुलं आली. आईवडिलांनी परत नेली ती फक्त १५२.

त्या वह्यांतली एक नोंद मात्र त्या काळानंतरची आहे. फेब्रुवारी १७६७ मध्ये सारा बेंडर नावाच्या बाईने आपला मुलगा चार्ल्स तिथे ठेवला. सोबत दिला कापडाचे तुकडे जोडून केलेला छोटा पट्टा. त्यावर हृदयाची आकृती भरलेली होती आणि ती मधोमध कापून अर्धी ठेवली होती. १७७४ मध्ये सारा परत आली आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. जोडकामाचा तो अर्धा तुकडा आजही जपून ठेवलेला आहे.

या हकिकतीतली बोचणारी गोष्ट अशी की कापड राहिलं कचेरीच्या वहीत. मुलाला ते कधी दाखवलं गेलं नाही. आत आल्याबरोबर त्याला नवं नाव मिळे, पुढे गणवेश मिळे, आणि आईच्या हातचं काहीच त्याच्या वाट्याला येत नसे. आज जे लोक छोट्या गोधड्या शिवून देतात, ते नेमकी ही चूक उलटी फिरवतात. कापड मुलाकडे जातं आणि मुलाकडेच राहतं.

लहान मुलांच्या गोधडीला सामाजिक कामाशी जोडण्याचं आणखी एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८३६ मध्ये बॉस्टनच्या बायकांनी गुलामगिरीविरोधी चळवळीला पैसे उभे करण्यासाठी जत्रा भरवली. तिच्यात पाळण्यातली एक गोधडी विकायला ठेवली होती. ती लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी केली असं मानतात. चांदण्यांच्या नक्षीमध्ये शाईने लिहिलेल्या ओळी आहेत. बाळाला कुशीत घेणाऱ्या आईने, जिची मुलं तिच्यापासून तोडून विकली जातात त्या गुलाम आईची आठवण ठेवावी, असा त्यांचा आशय. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी रेडक्रॉसच्या मार्फत लाखो गोधड्या शिवून ब्रिटनला पाठवल्या आणि बॉम्बवर्षावात बेघर झालेल्या कुटुंबांनी त्या पांघरल्या.

मऊ कापडाला मूल इतकं का बिलगतं, याचा शोध विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये वाचलेल्या निबंधात पांघरुणाच्या कोपऱ्याला किंवा कापडी अस्वलाला मूल का चिकटून राहतं, ते मांडलं. आई जवळ असणं आणि आई नसणं यांच्या मधल्या वाटेवर मूल त्या वस्तूच्या आधाराने चालतं, आणि म्हणून घरातल्यांनी ती मुलाच्या परवानगीशिवाय बदलू नये, धुऊसुद्धा नये, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत हॅरी हार्लो यांच्या प्रयोगशाळेत आईपासून तोडलेली माकडांची पिल्लं पिंजऱ्यातल्या कापडाला घट्ट धरून बसत आणि ते धुवायला काढलं की कासावीस होत. हार्लोंनी मग दोन खोट्या आया बनवल्या, एक तारेची आणि एक कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिल्लं दिवसातला बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहिली. १९५८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. त्या मुक्या पिल्लांवर फार क्रूर प्रसंग ओढवले, हे सांगितल्याशिवाय या प्रयोगांचा उल्लेख करू नये.

मुलांवरचा अभ्यास अधिक सौम्य आणि आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतल्या रिचर्ड पासमन यांनी १९७० च्या दशकापासून पांघरूण-वेड्या मुलांकडे लक्ष दिलं. २००० साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांची ६४ मुलं होती. नेहमीच्या वैद्यकीय तपासणीच्या वेळी कुणाजवळ आई होती, कुणाजवळ पांघरूण, कुणाजवळ दोन्ही, कुणाजवळ काहीच नाही. ज्या मुलांना पांघरुणाची खरीखुरी सवय होती, त्यांना तपासणीपुरता त्याचा आधार आईच्या आधाराइतकाच झाला. नाडीचे ठोके आणि रक्तदाब यांतही ते दिसलं. सवय नसलेल्या मुलांना मात्र पांघरुणाने फरक पडला नाही. म्हणजे गोधडी हातात आल्या आल्या जादू करत नाही. मुलाला तिच्याबरोबर दिवस काढावे लागतात, ती त्याच्याकडे टिकावी लागते. धुतल्यावर दोन महिन्यांत उसवणारी गोधडी मुलाला दुसऱ्यांदा काहीतरी गमवायला लावते.

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला लायनस हा मुलगा सदा आपलं निळं पांघरूण ओढत फिरतो. त्याच्या नावाने चालणारं ‘प्रोजेक्ट लायनस’ हे आज या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं काम असेल. १९९५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅरन लाउक्स यांनी ‘परेड’ या साप्ताहिकात एका लहान मुलीबद्दल वाचलं. रक्ताच्या कर्करोगावर तिला केमोथेरपी चालू होती आणि त्या सगळ्या दिवसांत आपल्या पांघरुणाने आपल्याला सांभाळलं असं ती सांगत होती. तो मजकूर आणि छायाचित्रं एडी ॲडम्स यांची होती. व्हिएतनाम युद्धातल्या एका भर रस्त्यातल्या हत्येच्या छायाचित्रासाठी ज्यांना पुलित्झर मिळालं, तेच हे ॲडम्स. लाउक्स यांनी डेन्व्हरमधल्या मुलांच्या कर्करोग केंद्राला हाताने केलेली पांघरुणं देण्याचं ठरवलं. तिथून सुरू झालेलं काम अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत पोचलं. आतापर्यंत लाखो पांघरुणं मुलांच्या हातात गेली आहेत. शिवणारे विणणारे सगळे स्वयंसेवक. पांघरूण नवं असावं, घरी केलेलं असावं, धुता येण्यासारखं असावं, हे तिथले साधे नियम.

त्याच्याही आधीचं एक काम धैर्याचं होतं, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. १९८८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एलन आल्ग्रेन या वयस्क बाईंनी एचआयव्हीची बाधा घेऊन जन्मलेल्या बाळांसाठी पाळण्यातल्या गोधड्या शिवायला सुरुवात केली. त्या काळी एड्सच्या भीतीने लोक रुग्णाला हात लावायला धजत नसत. अशी कित्येक बाळं इस्पितळातच पडून राहत, कारण न्यायला कुणी येत नसे. आल्ग्रेन यांचं आवाहन देशभर पसरलं आणि ‘एबीसी क्विल्ट्स’ उभं राहिलं. शाळेतली मुलंसुद्धा वर्गात बसून गोधड्या शिवू लागली आणि शिवता शिवता या रोगाबद्दल शिकू लागली. अनोळखी, लोकांनी दूर ठेवलेल्या बाळासाठी कुणीतरी सुईदोरा घेऊन बसतं, ही गोष्ट त्या काळात फार मोठी होती.

गोधडीबरोबर खेळणंही का द्यायचं? एकट्या गोधडीने भागणार नाही का? ज्यांनी इस्पितळात मुलांबरोबर काम केलं आहे त्यांना याचं उत्तर माहीत आहे. गोधडी मुलाला सांभाळते, आणि खेळण्याला मूल सांभाळतं. ज्याच्यावर दिवसभर मोठी माणसं काहीना काही करत असतात, टोचत असतात, तपासत असतात, त्या मुलाला स्वतः कुणाची तरी काळजी घेता येणं हा मोठा आधार असतो. सशालाही इंजेक्शन देता येतं. त्याच्या पायाला पट्टी बांधता येते, रडू नकोस म्हणून सांगता येतं, त्याच्या अंगावर त्याची स्वतःची छोटी गोधडी घालता येते. युरोपात वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘टेडी बेअर हॉस्पिटल’ भरवतात ते याच समजुतीवर. मुलं आपापली खेळणी ‘रुग्ण’ म्हणून घेऊन येतात, विद्यार्थी त्यांना तपासतात, आणि स्टेथोस्कोपची नि पांढऱ्या कोटाची भीती खेळता खेळता कमी होते. म्हणूनच या जोडीत सशाची एक छोटी गोधडीही शिवावी, असा आग्रह इथे धरला आहे. मोठ्या गोधडीतून उरलेले चार तुकडे तिला पुरतात.

सान फ्रान्सिस्कोत २००५ पासून चालू असलेलं ‘प्रोजेक्ट नाइट नाइट’ बेघर मुलांना एक पिशवी देतं. तिच्यात एक पांघरूण, एक कापडी प्राणी आणि वयाला साजेसं एक पुस्तक असतं. निवारागृहातल्या पहिल्या रात्री लागणाऱ्या या तीनच वस्तू, आणि पिशवीसकट त्या मुलाच्या. अमेरिकेत पालक-कुटुंबांकडे सोपवलेल्या मुलांचं सामान वर्षानुवर्षं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दिलं जाई. असं बालपण स्वतः काढलेल्या रॉब शीअर यांनी २०१३ मध्ये ‘कम्फर्ट केसेस’ सुरू केलं. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीतही पांघरूण आणि कापडी प्राणी असतोच.

खेळण्याची सर्वांत हृद्य हकिकत मात्र एका कॅनडियन सैनिकाची आहे. मार्क इस्फेल्ड संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सुरुंग काढण्याचं काम करत होता. उद्ध्वस्त घरांच्या ढिगाऱ्यात पडलेल्या एका बाहुलीचा फोटो त्याने घरी पाठवला. ते पाहून त्याची आई कॅरल इस्फेल्ड हिने लोकरीच्या छोट्या बाहुल्या विणून त्याला पाठवल्या. मुलग्यांच्या डोक्यावर शांतिसैनिकांची निळी टोपी, मुलींच्या डोक्याला रुमाल. मार्क खिशात बाहुल्या ठेवी आणि भेटेल त्या मुलाला देई. जून १९९४ मध्ये क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात तो मारला गेला. त्याच्या तुकडीतल्या साथीदारांनी आईला आणखी बाहुल्या विणायची विनंती केली आणि मार्कच्या टोपणनावावरून त्यांना ‘इझी डॉल’ म्हणायला सुरुवात केली. आज कॅनडाभर बायका आणि पुरुषही या बाहुल्या विणतात. औषधांच्या खोक्यांत बाटल्यांमधल्या मोकळ्या जागेत त्या भरल्या जातात. काच फुटत नाही आणि बाहुली मुलापर्यंत पोचते.

मराठी वाचकाला गोधडी समजावून सांगायची गरज नाही. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, सुती साड्या एकावर एक अंथरायच्या, दाभणाने किंवा जाड सुईने धावदोरा घालत कडेकडेने आत यायचं, ही रीत घराघरांत होती. गावोगाव फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकाही होत्या. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहून ही घरगुती कला जगभरच्या गोधडीप्रेमींपुढे ठेवली. बाळंतविड्यात झबलं-टोपडं, कुंची यांच्याबरोबर दुपटं असतंच, आणि आजीच्या लुगड्याचं असलं तर ते विशेष. आपल्याकडे बाळाचं पहिलं पांघरूण बाजारातून येत नसे, घरातल्या बाईच्या अंगावर झिजून मऊ झालेल्या कापडाचं होत असे.

गोव्याशी नातं असलेली एक फार देखणी परंपरा शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, सिद्दी लोक, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत राहतात. त्यांच्या बायका ‘कवंडी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकडे दुमडत आणि टाके घालत, कडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांचं एकेक ‘फूल’ लागतं. ते नसलं तर कवंडी उघडी वाटते, असं त्या मानतात. बाळांच्या कवंड्यांत सगळ्यांत भडक, सगळ्यांत उजळ रंग असतात.

आणि ज्या संताला लोक गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणून ओळखत, ते गाडगेबाबा आपलेच. ठिगळांचं वस्त्र अंगावर घालून त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि उघड्यानागड्यांना वस्त्र देणं हे आपल्या कामांच्या यादीत ठेवलं. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज मुख्यतः टाटा रुग्णालयात उपचाराला आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. २००६ पासून मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ हे कर्करोगग्रस्त मुलांना आईवडिलांसह उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहायची सोय करतं. बिहार, बंगाल, विदर्भ अशा दूरदूरच्या गावांतून हातातल्या पिशवीनिशी मुलं मुंबईत येतात आणि महिनोन् महिने राहतात. आपल्याकडे गरज आहे, आणि हातही आहेत. २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या बायकांनी चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनेस विक्रम केला, आणि मग ते पुन्हा सुटं करून गरजूंना वाटलं. गटाने काम करायची हौस इथे भरपूर आहे. फक्त तिला मुलाच्या गरजेचं माप लागलं पाहिजे.

ते माप चुकलं तर काय होतं, तेही पाहायला हवं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते निवडून कामी लावण्याचं किचकट काम ‘गूंज’ संस्थेने अंगावर घेतलं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउन गावात शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर जगभरातून तिथे सुमारे ६५,००० टेडी बेअर आले. गावातल्या सगळ्या माणसांना दोन दोन दिले तरी उरले असते. ते ठेवायला गोदाम घ्यावं लागलं. देणाऱ्यांच्या मनात करुणाच होती, पण कुणी आधी विचारलं नव्हतं.

आता कापडाकडे वळू. इथे आपल्या परंपरेला थोडी मुरड घालावी लागते. घरच्या बाळासाठी जुनं मऊ लुगडं उत्तम. इस्पितळातल्या मुलासाठी नवं सुती कापडच घ्यावं, कारण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि जुन्या कापडाचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. नव्या कापडाला जुन्याचा मऊपणा आणायचा तर शिवण्याआधी ते तीनचारदा धुवावं. त्यात ते आटतं, खळ निघून जाते आणि रंग सुटणारा असेल तर तेही तेव्हाच कळतं. जरी, टिकल्या, आरसे, मणी नकोत. जरीचा काठ कितीही सुंदर असला तरी सलाइनच्या सुईने दुखऱ्या झालेल्या हाताला तो खुपतो. नायलॉनसारख्या साड्याही टाळाव्यात, त्यांत घाम जिरत नाही.

नवशिक्यासाठी सहा इंची चौकटींची गोधडी सोपी. साडेसहा इंचांचे ४२ चौकोन कापायचे, चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, आणि आडवे सहा, उभे सात जोडले की ३६ इंच बाय ४२ इंचांची गोधडी होते. शाळकरी मुलाच्या अंगावर ती पुरते, चाकाच्या खुर्चीत गुडघ्यांवर घेता येते आणि घडी करून पिशवीत मावते. मध्ये पातळ सुती थर किंवा पॉलिएस्टरचं वॅडिंग घालावं, जाड नको. वाळायला वेळ लागतो. धावदोऱ्याच्या रांगा एकमेकींपासून हाताच्या चार बोटांहून लांब जाऊ देऊ नयेत, नाहीतर धुण्यात आतला थर सरकून गोळे होतात. कडेला तिरप्या पट्टीचा गोट दुहेरी शिवणीने बसवावा. गोधडी आधी झिजते ती कडेला, कारण मूल ती कडेलाच धरून ओढतं.

सशाच्या बाबतीत सौंदर्यापेक्षा मजबुती मोठी. डोळ्यांना बटणं किंवा मणी लावायचे नाहीत, दोऱ्याने भरायचे. सुटलेलं बटण लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. कान, हात, पाय अंगात खोल घालून दोनदा शिवावेत आणि जोराने ओढून पाहावेत. आत पॉलिएस्टरचा नवा कापूस भरावा. घरातल्या चिंध्या भरल्या तर ससा जड होतो आणि आतून वाळत नाही. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करायला सुरुवात झाली, तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी त्याचे पाय ताणूनही २२ सेंटिमीटरपेक्षा लांब होता कामा नयेत आणि तो साठ अंशांच्या पाण्यात धुता आला पाहिजे असे दंडक घातले. पाय त्याहून लांब असले तर ते बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळले जाण्याचा धोका. प्रेमाने केलेल्या वस्तूलाही मोजपट्टी लावावी लागते, हे त्यांनी ओळखलं. आपणही फिती, नाड्या आणि लांब शेपट्या टाळाव्यात.

एक सूचना ठळकपणे सांगितली पाहिजे. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटं पांघरूण आणि मऊ खेळणी ठेवू नयेत, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून तान्ह्या बाळासाठी केलेली गोधडी जागेपणी, कुणाच्या तरी नजरेखाली, खाली अंथरायला आहे, हे देताना सोबतच्या चिठ्ठीत मराठीत आणि हिंदीत लिहावं. काम संपलं की टाचण्या मोजाव्यात. जितक्या काढल्या तितक्या डबीत परत आल्याशिवाय गोधडी घडी करू नये. मग एकदा साध्या, बिनवासाच्या साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत भरावी.

रंगांबद्दल दोन शब्द. मोठ्या माणसांना मुलांसाठी फिकट गुलाबी आणि फिकट निळा निवडायची खोड असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचा विचार तर फार थोडे लोक करतात, आणि संस्थांमध्ये त्यांची संख्या कमी नसते. त्यांना अस्वल बालिश वाटेल, पण गडद निळ्या किंवा विटकरी रंगाची गोधडी आणि तिच्याच कापडातला हत्ती किंवा घुबड ते उशीखाली नक्की ठेवतील. एकाच इस्पितळातल्या दोन जोड्या अगदी सारख्या नसाव्यात. मुलाला आपली गोधडी लांबून ओळखता आली पाहिजे.

भारतातल्या बालगृहांत मुलाला कपडे आणि अंथरूण-पांघरूण मिळावं याची तरतूद बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. तेव्हा आपली गोधडी संस्थेच्या कपाटात साठ्यासाठी जाणार नाही, मुलाच्या नावावर जाईल आणि मूल दुसरीकडे गेलं तर त्याच्याबरोबर जाईल, एवढी एक गोष्ट संस्थेच्या अधीक्षकांशी आधीच बोलून घ्यावी. दुसरी गोष्ट फोटोंची. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा मुलांची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे आणि त्यासाठी शिक्षाही आहे. गोधडी स्वीकारणाऱ्या मुलाशेजारी उभं राहून फोटो काढू नये, काढायला लावू नये. जोडीचा फोटो घरीच, मुलाकडे जाण्याआधी काढून ठेवावा.

पुढची पानं उलटण्याआधी आपल्या गावातल्या किंवा शहरातल्या एका संस्थेला, इस्पितळाच्या समाजसेवा विभागाला किंवा बालगृहाला फोन करावा. किती मुलं आहेत, कुठल्या वयाची आहेत, नव्या वस्तू घेता येतात का, कपडे कुठल्या पाण्यात धुतात, हे विचारावं आणि लिहून घ्यावं. दहा जोड्यांचा संकल्प सोडण्यापेक्षा एक जोडी पूर्ण करावी, ती पोचवावी, आणि दुसरीचं कापड त्यानंतर कापावं.